१९७१ ची फ्यूजपेटी: आतलं सगळं बदलायचं, पेटी ठेवायची. जमेल का?

मधली_खोली | रविवार, दुपारी ४.१०

मंडळी, जरा सल्ला हवाय. पुण्यात आमचा १९७१ सालचा फ्लॅट आहे. तीन मजली इमारत, जिन्याला दगडी पायऱ्या, लिफ्ट नाही. दारामागच्या भिंतीत एक लोखंडी पत्र्याची पेटी बसवलेली आहे. आत सागवानी फळी, फळीवर काळा बिडाचा मेन स्विच आणि पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट (फ्यूजची तार धरणारे, उपटून काढता येणारे ठोकळे). प्रत्येक किटकॅटखाली बाबांनी बारीक ब्रशने ऑइलपेंटमध्ये नावं लिहिलीत: स्वयंपाकघर, मधली खोली, न्हाणी, पंखे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. पेटी मला काढायची नाही, हे आधीच सांगते, म्हणजे "ताई, भंगारात द्या" हा सल्ला वाचेल.

आता अडचण. न्हाणीत गीझर हवाय आणि आईच्या खोलीत एसी. दोन इलेक्ट्रिशियन बोलावले. पहिला म्हणाला, "किटकॅट उपटतो, त्याच तारांवर एमसीबी लावतो, दीड हजार द्या, दोन तासांचं काम." (एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका.) दुसरा म्हणाला, अख्खं घर फोडायला लागेल, लाखाच्या खाली बातच नाही. मला दोघांचंही पटलं नाही. पेटी तशीच ठेवून आत नवीन काळाचं सामान बसवता येतं का? आणि दीड हजारवाल्याचं काय चुकतंय (चुकत असेल तर), ते कुणी नीट समजावून सांगेल का?

उपाशी_बोका | रविवार, दुपारी ४.२२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तारांबळ | रविवार, संध्याकाळी ५.०५

फोटो टाका. पेटीचा दरवाजा उघडून एक, किटकॅट काढून एक. त्याआधी मेन स्विच खाली करा. पण लक्षात असू द्या, मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला मीटरकडून आलेली तार जिवंतच असते. तिथे बोट, पेचकस, कुतूहल, काहीही नको. आणि मीटरच्या सीलला कुणालाही हात लावू देऊ नका. पहिला भाऊ "सील मी बघतो" म्हणाला असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तीन गोष्टी बघून सांगा. तारा तांब्याच्या की ॲल्युमिनियमच्या? भिंतीवर लाकडी पट्टीवरून गेल्यात की पाइपातून? आणि मेन स्विचमध्ये फ्यूज एक आहे की दोन?

निवृत्त_वायरमन | रविवार, रात्री ९.४०

ताई, मी चौतीस वर्षं हेच काम केलं, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून इथं लिहितो. दीड हजारवाल्याचं काय चुकतंय, तर तो फक्त तोंडवळा बदलतोय. वरून कीर्तन, आतून तमाशा.

लोकांना वाटतं फ्यूज म्हणजे मिक्सर वाचवायला. तसं नसतं. फ्यूज काय, एमसीबी काय, ती राखणदार आहे तुमच्या भिंतीतल्या तारेची. तार जेवढा भार सोसेल त्याच्या आत तिनं पडायचं. म्हणून किती अँपिअरची एमसीबी लावायची हे गीझर बघून ठरत नाही, तार बघून ठरतं. आधी तार, मग एमसीबी, मग गीझर. आजकाल उलट चालतं: गीझर आणला, १६ ची एमसीबी पडायला लागली की २५ ची बसवली, ती पडेना झाली की सगळे खूश. भिंतीत तार शिजते, ते दिसत नाही.

१९७१ ची वायरिंग म्हणजे बहुधा बॅटनपट्टी. दिव्या-पंख्यांना एक-अठरा किंवा तीन-बावीस. तरुण मुलांसाठी सांगतो, तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा पिळलेल्या, आजच्या हिशेबात जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. सात-वीस म्हणजे साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास, ती मेनला वापरायचो. तीन-बावीसवर गीझर चालत नाही, तुम्ही कुठलीही सोन्याची एमसीबी लावा.

दुसरं. वरचं आवरण रबराचं असेल तर पन्नास वर्षांत त्याचं बिस्किट झालेलं असतं. हलवलं नाही तोवर ठीक. पेटीत नवीन सामान बसवायला तारा वाकवल्या की आवरण भुरुभुरु गळतं आणि उघडं तांबं हाताला लागतं. मी स्वतः एका घरी सकाळी "तासाभराचं काम" म्हणून गेलो आणि रात्री अकरापर्यंत बॅटरीच्या उजेडात भिंतीकडे मागं मागं सरकत चांगली तार शोधत होतो. म्हणून आधी मेगर (तारेचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र) लावून घ्या. ५०० व्होल्टचा मेगर, प्रत्येक सर्किट वेगळं करून, आणि निदान १ मेगओहम आलं पाहिजे. चांगली तार वीस-पन्नास सहज दाखवते. मेगर लावायच्या आधी बल्ब, ट्यूब, टीव्ही, वायफायचा डबा सगळं काढून ठेवा, नाहीतर माझ्या नावानं शंख कराल.

पेटी ठेवायची तर ठेवा. पण तिच्या फळीवर पट्टी ठोकून सुट्या एमसीबी बसवू नका. त्या पेटीच्या आत मावेल असा कारखान्यातून तयार आलेला डीबी (एमसीबी बसवायची पेटी) आणा: त्यात रेल, कंगव्यासारखा बसबार (सगळ्या एमसीबींना वीज पोचवणारी पट्टी), न्यूट्रलची पट्टी, अर्थची पट्टी आणि बोट जाणार नाही असं झाकण सगळं असतं. जुनी पेटी मग नुसतं कपाट. आतल्या मापाची रुंदी, उंची, खोली मोजून सांगा. खोलीच नेहमी घात करते.

गोट्या_सिन्नर | रविवार, रात्री १०.०२

काकांशी सहमत, पण किटकॅटची एवढी बदनामी नको. फ्यूजमध्ये स्प्रिंग नाही, लीव्हर नाही, अडकायला काही नाही. तार वितळते, विषय संपला. आमच्या शेतावर मोटरच्या स्टार्टरला एमसीबी लावली होती, धुळीनं आणि मुंग्यांनी तिचा खटका अर्ध्यात अडकला. फ्यूज कधी खोटं बोलत नाही.

तारांबळ | रविवार, रात्री १०.२०

फ्यूज खोटं बोलत नाही, फ्यूज बांधणारा बोलतो.

मधली_खोली | सोमवार, सकाळी ८.१५

फोटो टाकलेत. माप: आत १६ इंच रुंद, १२ उंच, ४ खोल. तारा तांब्याच्या. लाकडी पट्टीवरून, वर पत्र्याच्या बारीक क्लिपा. मेन स्विचमध्ये दोन फ्यूज आहेत.

आणि जरा घाबरले. "स्वयंपाकघर"च्या किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार असते तशी नाहीच. जाडसर तांब्याची एकच तार आहे, सुतळीएवढी नाही पण उदबत्तीच्या काडीच्या जवळ जाणारी. किटकॅटच्या आत पांढरट कापडासारखी नळीही आहे. पेटीच्या उजव्या कोपऱ्यात पाचवा बेस आहे, पण त्यात किटकॅट नाही, रिकामाच.

तारांबळ | सोमवार, सकाळी ९.०१

उदबत्तीच्या काडीच्या जवळ! ती सात-वीसमधली एक तार असणार, कुणीतरी रविवारी दुकान बंद म्हणून घातली आणि तीच राहिली. हिशेब करू. तांब्याची तार किती अँपिअरला वितळेल याचं प्रीस नावाच्या वेल्श इंजिनिअरचं जुनं सूत्र आहे: व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) दीड घात, गुणिले ८०. वीस गेजचा व्यास सुमारे ०.९१. उत्तर येतं सत्तरच्या आसपास. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या तारेचा राखणदार सत्तर अँपिअरपर्यंत घोरत पडणार. रीतसर ५ अँपिअरच्या फ्यूजची तार ०.२ मिलिमीटरची असते, १५ ची ०.५ ची. गोट्याशेठ, बघा, खोटं कोण बोललं ते.

ती पांढरी नळी ॲस्बेस्टॉसची असू शकते. खरवडू नका, फुंकर मारू नका, फोडू नका. किटकॅट तसाच बंद पिशवीत ठेवा.

निवृत्त_वायरमन | सोमवार, सकाळी ११.३०

मेनमध्ये दोन फ्यूज, म्हणजे एक फेजला आणि एक न्यूट्रलला. ही त्या काळची पद्धत. यात गोम काय ते ऐका. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरातलं सगळं बंद पडतं, दिवे जातात, माणसाला वाटतं वीज गेली. पण फेज तशीच आत आलेली असते. १९८८ च्या पावसाळ्यात एका वाड्यात अशीच "वीज गेली" म्हणून गृहस्थ स्टुलावर चढून होल्डर बघायला गेले आणि खाली आले ते हात भाजून. थोडक्यात वाचले. तेव्हापासून मी जिथं जाईन तिथं आधी न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथं सरळ तांब्याची लिंक टाकायचो. तुमच्याकडे आता दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल आयसोलेटर येईल, हा प्रश्नच मिटेल. मात्र तो बसवायला मीटरकडून वीज बंद करून घ्यावी लागते. ते परवानाधारक ठेकेदाराकडून रीतसर करा, काम झाल्यावर त्याचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा.

४ इंच खोली असेल तर बारा वेचा (म्हणजे बारा जागांचा) डीबी मावेल. पण विकत घ्यायच्या आधी दुकानात टेप लावा.

एडिसनकर | सोमवार, रात्री ११.५५ (इथे दुपार)

न्यू जर्सीहून लिहितोय. गावाचं नावच एडिसन, आणि माझ्या तळघरातल्या पॅनेलची रड, म्हणजे काव्यगत न्याय.

आमच्याकडे ही गोष्ट चक्क तयार वस्तू म्हणून मिळते. जुन्या पॅनेलची लोखंडी पेटी भिंतीत राहते, तिच्या पोटातलं सगळं काढायचं आणि नवीन "इंटिरिअर" घालायचं: नवा बसबार, नवा मेन ब्रेकर, नव्या ब्रेकरांच्या जागा, आणि वरून पेटीपेक्षा थोडं मोठं झाकण, म्हणजे भिंतीचा प्लॅस्टर फोडायला नको. किटबरोबर किमान आणि कमाल पेटीचं माप छापलेलं असतं. माझं घर १९६६ चं. त्यातले ब्रेकर एका जमान्यात घरोघरी बसलेले. पुढे लक्षात आलं की ओव्हरलोड झाला तरी त्यातले बरेच पडतच नाहीत. इन्स्पेक्टरनं बघताक्षणी मान हलवली.

तीन गोष्टी मला आधी माहीत नव्हत्या. एक, जुन्या तारा तोकड्या पडतात. ब्रेकरची जागा चार इंच खाली सरकली की तार पोचत नाही, मग पेटीतच जोड देऊन लांबवावी लागते. त्याला मनाई नाही, पण जागा लागते. दोन, पालिकेचं परमिट आणि तपासणी, त्यात आठवडा गेला. तीन, माझ्या घरात दोन सर्किटं ॲल्युमिनियमची निघाली. इकडे १९६५ ते १९७३ च्या सुमारास तांबं महाग झालं म्हणून तशी घरं बांधली. ॲल्युमिनियम तार सरळ तांब्याच्या तारेसाठीच्या स्क्रूखाली दाबली की काही वर्षांत सैल होते आणि तापते. त्याला खास जोड लागतात.

आपल्याकडे २३० व्होल्ट, इकडे १२० आणि २४०, त्यामुळे माझं सामान तुमच्या कामाचं नाही. पण "पेटी ठेवून पोट बदलणं" हा वेडगळ हट्ट नाही, एवढं नक्की.

उपाशी_बोका | मंगळवार, सकाळी ७.३०

"पेटी ठेवून पोट बदलणं" हे माझ्या डॉक्टरांना सांगून बघतो.

लंडनचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी १.१०

ब्रिटनमध्ये तर जुन्या फ्यूजच्याच बेसमध्ये घुसणाऱ्या प्लग-इन एमसीबी मिळायच्या. किटकॅट काढा, एमसीबी खुपसा, दहा सेकंद. माझ्या भाड्याच्या घरात होत्या. सोय छान, पण अर्थ गळतीचं संरक्षण त्यातून येत नाही.

भोसरीकर | मंगळवार, रात्री ८.४५

कारखान्यातली बाजू सांगतो, कारण तिथं हा धंदा मोठा आहे. जुने ऑइल ब्रेकर काढून त्याच कप्प्यात व्हॅक्यूम ब्रेकर बसवायचा, जुने एअर ब्रेकर काढून नवीन, जुने स्विच-फ्यूज काढून एमसीसीबी (एमसीबीची मोठी बहीण). पॅनेलचा सांगाडा, बसबार, केबल सगळं तेच. शटडाउन आठवड्याऐवजी दोन दिवसांत आटोपतो, म्हणून मालक खूश.

फसतो माणूस कुठं, तर ब्रेकर नवा, बसबार जुना. समजा पॅनेल बसलं तेव्हा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा होता, ४१५ व्होल्टला त्याचा पूर्ण लोड साधारण ७०० अँपिअर. ५ टक्के इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) धरला तर शॉर्ट झाल्यावर येतात सुमारे १४ हजार अँपिअर. मग धंदा वाढला, ट्रान्सफॉर्मर १००० चा आला. आता शॉर्टला २८ हजार. बसबारांवर बसणारा धक्का करंटच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दुप्पट नाही, चौपट. नवा ब्रेकर ३६ हजारांचा आहे म्हणून सगळे निर्धास्त, आणि बसबार धरून ठेवणारे चिनीमातीचे इन्सुलेटर १४ हजारांच्या हिशेबाने बसवलेले. शिवाय स्विच-फ्यूजमधला एचआरसी फ्यूज ८० हजार अँपिअर तोडायचा आणि तोही करंट शिखराला पोचायच्या आत. गोट्या म्हणतो त्यात तथ्य आहे. तिथं फ्यूज काढून स्वस्तातली एमसीसीबी लावणं हे कधी कधी मागं जाणं असतं.

घरात हा आकडा एवढा नसतो, १० हजार अँपिअर लिहिलेली एमसीबी घ्या आणि झोपा. पण सोसायटीच्या मीटररूममधलं पॅनेल बदलायला निघालात तर हे आधी विचारा.

शुभा_रत्नागिरी | बुधवार, सकाळी १०.२०

धागा वाचतेय, छान चाललाय. मध्येच माझा प्रश्न घुसवते. आमच्या घराची पेटी गेल्या वर्षी नवीन केली, सगळ्या एमसीबी आहेत, तरी वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. एमसीबी पडत का नाही?

तारांबळ | बुधवार, सकाळी ११.००

ताई, मशीन तूर्त बंद ठेवा, गंमत नाही ही.

एमसीबीला झिणझिण्या कळत नाहीत, तिला फक्त अँपिअर कळतात. तुमच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध समजा १० ओहम आहे (जांभ्यात, उन्हाळ्यात, याहून बराच जास्त असू शकतो). फेज पूर्ण बॉडीला लागली तरी २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जातील. ३२ ची एमसीबी कशाला पडेल? तिच्या दृष्टीनं सगळं आलबेल. आणि मशीनची बॉडी मात्र जिवंत.

यासाठी आरसीसीबी. ती आत गेलेला आणि परत आलेला करंट तोलून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की खाली. ०.०३ अँपिअर! पण तिला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबीच्या ऐवजी नाही, एमसीबीच्या जोडीला. मशीन इन्व्हर्टरवालं असेल तर ए टाइपची घ्या, साधी एसी टाइप तसल्या यंत्रांच्या गळतीला नेहमी दाद देत नाही. आणि खड्डा तपासून घ्या. कोळसा-मीठ घालून किती वर्षं झाली?

शुभा_रत्नागिरी | बुधवार, दुपारी १२.४०

खड्डा सासऱ्यांनी केला होता. त्यावर आता तुळशीवृंदावन आहे.

निवृत्त_वायरमन | बुधवार, दुपारी १.१५

मग रोज पाणी तरी पडतंय. पण माप घ्याच, सूनबाई.

मधली_खोली | पुढचा सोमवार, रात्री ९.५०

काम झालं! काकांनी सांगितलं तसं एक परवानाधारक ठेकेदार मिळाला, शांत माणूस, पहिल्या दिवशी फक्त मेगर घेऊन आला. निकाल: "पंखे" २५ मेगओहम, उत्तम. "मधली खोली" ६. "स्वयंपाकघर" आणि "न्हाणी" दोन्ही पाव मेगओहमच्या खाली. न्हाणीची तार तर त्यानं बोटात धरून नुसती वाकवली आणि काळा भुगा फरशीवर पडला, चहाच्या भुकटीसारखा. आईनं लगेच केरसुणी आणली.

शेवटी असं ठरलं. पंखे आणि मधली खोली जुन्याच तारांवर, पण ६ च्या एमसीबीमागे. स्वयंपाकघर, गीझर, एसी यांना नव्या तारा: स्वयंपाकघर आणि गीझरला २.५ ची, एसीला ४ ची, भिंत न फोडता प्लॅस्टिकच्या पट्टीतून. नवी अर्थची तार प्रत्येक सॉकेटला. जुनं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं होतं आणि पाइप दहा वर्षांपूर्वीच प्लॅस्टिकचे झालेत! म्हणजे दहा वर्षं आम्ही बिनअर्थचे. इमारतीच्या खड्ड्यापासून नवी पट्टी ओढली.

सागवानी फळी काढली (पुसून ठेवलीय, नावांसकट). पेटीच्या आत बारा वेचा डीबी अगदी अंगाबरोबर बसला. दोन जागा आयसोलेटरला, दोन आरसीसीबीला, पाच एमसीबीला, तीन रिकाम्या. पेटीच्या भोकांच्या कडा धारदार होत्या, तिथं रबरी बुश घातले, आणि पेटीलाही अर्थचा बोल्ट मारला. एकूण २३ हजार, आणि ठेकेदाराला दोन दिवस भरली वांगी.

उपाशी_बोका | सोमवार, रात्री ९.५८

शेवटच्या वाक्यावर मी हा धागा वाचनखुणांत ठेवतोय.

मधली_खोली | बुधवार, संध्याकाळी ७.४०

आनंद दोन दिवस टिकला नाही. आरसीसीबी पडतेय. रविवारी आणि सोमवारी उशिरापर्यंत ठेकेदार इथंच होता, रात्री सगळं ठीक. काल रात्री एकदा पडली, वाटलं काहीतरी असेल. आज सातला पडली आणि आता वर राहतच नाही. सकाळी मात्र मुकाट वर राहिली होती. गीझर बंद, एसी बंद, फ्रीजची पिन काढली. सगळ्या एमसीबी पाडल्या तरी पडते! ठेकेदार गावाला गेलाय. मेणबत्तीत लिहितेय.

गोट्या_सिन्नर | बुधवार, संध्याकाळी ७.४६

गीझरची कॉइल. नव्या गीझरलाही असतं.

भोसरीकर | बुधवार, संध्याकाळी ७.५५

गीझरची एमसीबी पडलेली असताना? मग गीझरच्या न्यूट्रलचा अर्थला स्पर्श असेल. एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पण मग दिवसा का नाही पडली?

निवृत्त_वायरमन | बुधवार, रात्री ८.०५

सगळ्या एमसीबी पाडल्या तरी पडते आणि फक्त अंधार पडल्यावर पडते. ताई, हा उसना न्यूट्रल आहे. घराबाहेरच्या कुठल्या तरी दिव्याची फेज येते दुसरीकडून आणि परत जाते तुमच्या न्यूट्रलमधून. तुमची आरसीसीबी बघते की न्यूट्रलमध्ये करंट आलाय पण फेजमधून गेलाच नाही, म्हणून पडते. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी लावली की पाचातल्या एका घरी मला हे भेटायचं. सातला काय लागतं तुमच्याकडे?

तारांबळ | बुधवार, रात्री ८.११

थांबा थांबा. तुमचा पहिला फोटो मोठा करून बघतोय. उजव्या कोपऱ्यातला रिकामा पाचवा बेस. त्याखाली रंग खरवडलाय, पण "जि" दिसतंय. पुढे काना आणि "न" सारखं काहीतरी. तुमच्या बाबांनी तिथं "जिना" लिहिलं होतं का?

मधली_खोली | बुधवार, रात्री ८.३०

अंगावर काटा आला. आईला विचारलं. सुरुवातीला सोसायटीला स्वतंत्र मीटरच नव्हतं, तेव्हा आमच्या जिन्याचा दिवा आमच्या घरातून होता. बाबा सोसायटीकडून महिन्याला तीन रुपये घ्यायचे, वहीत नोंद आहे म्हणते. पुढे कॉमन मीटर आलं तेव्हा फेज तिकडे नेली. फळीवरचं नाव बाबांनीच खरवडलं असणार.

पहारेकरी सातला जिन्याचे दिवे लावतो. रविवारी-सोमवारी तो रजेवर होता, दिवे लागलेच नव्हते. काल रात्री उशिरा आला, म्हणून काल एकदाच. आत्ता खाली जाऊन बटण बंद करायला लावलं. आरसीसीबी वर. चालू केलं. खाली. पुन्हा बंद. वर. शेजारच्या काकू म्हणाल्या, काय खेळ चाललाय.

तारांबळ | बुधवार, रात्री ८.३६

९ वॅटचा एलईडी म्हटला तरी ४०-५० मिलिअँपिअर. ३० वाल्या आरसीसीबीला भरपूर झाले. जुन्या ६० वॅटच्या बल्बला तर अडीचशेच्या वर.

भोसरीकर | बुधवार, रात्री ८.५०

आणखी एक. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि जो जास्त तो धरतात. मीटरवर अर्थचा छोटा लाल दिवा संध्याकाळी लागतो का बघा. लागत असेल तर जिन्याचा उजेड दोन मीटरांवर मोजला जातोय, एक सोसायटीच्या आणि एक तुमच्या.

मधली_खोली | गुरुवार, संध्याकाळी ७.१५

लागतो. किती वर्षं लागत होता कोण जाणे, मी तो वीज चालू असल्याची खूण समजायचे.

उपाशी_बोका | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

बाबांचे तीन रुपये व्याजासकट वसूल करा.

मधली_खोली | शनिवार, दुपारी १२.३०

ठेकेदार आला. आमच्या न्यूट्रल पट्टीतून ती एक काळी तार सोडवली, टोक बंद केलं. दोन रात्री जिना अंधारात होता, सगळे मोबाइलच्या उजेडात वर-खाली. सेक्रेटरी काका आधी म्हणाले, "पन्नास वर्षं चाललं होतं ना, मग तुमच्याच नव्या मशीनमध्ये काहीतरी आहे." त्यांना फोटो दाखवला, बाबांची वही दाखवली. आज मीटररूममधून जिन्याच्या दिव्याला स्वतःचा न्यूट्रल टाकला. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडली, परत उचलली.

डीबीच्या दारावर चिकटवायला छापील स्टिकर आले होते, किचन, बेडरूम वगैरे. ते लावले नाहीत. उद्या भाऊ येतोय, त्याचं अक्षर बाबांसारखं आहे. बारीक ब्रश आणि पांढरा ऑइलपेंट आणून ठेवलाय.

निवृत्त_वायरमन | शनिवार, दुपारी १२.५५

रंग दारावरच राहू दे, ताई. एमसीबीच्या खटक्यात जाऊ देऊ नका.